कोथरूडच्या काकूंना, जाहीर थँक्यू

काकू,

तुमचं नाव लिहीत नाही, लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये मला. पण तुमची मुलगी पहिल्या दोन ओळींतच ओळखेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल, तेवढं पुरे. परवा वारज्याच्या एका फ्लॅटचं खरेदीखत झालं, आणि विकणारे आजोबा रजिस्ट्रार ऑफिसातून बाहेर पडता पडता मला म्हणाले, "तुमच्याकडे बघून नाही दिला हो, त्या बाईंशी बोलल्यावर दिला." त्या बाई म्हणजे तुम्ही, जिचा फ्लॅट मी आधी घेतला होता. आता यावर मी काय बोलणार! तेव्हाच ठरवलं की फोनवर नुसतं थँक्यू म्हणून भागणार नाही, सगळ्यांसमोर लिहायचं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मी जुन्या बिल्डिंगमधले, ऐंशी-नव्वदच्या काळातले, लिफ्ट नसलेले फ्लॅट स्वतःच्या नावावर विकत घेते, प्लंबिंग, वायरिंग, किचन सगळं नव्यानं करते आणि विकते. आधी काही वर्षं इंटिरियरची कामं घ्यायचे त्यामुळे भिंतीतली ओल कुठून येतेय ते कळतं, पण राहतं घर विकायला काढलेल्या माणसाला आपल्याबद्दल खात्री कशी वाटावी ते काही कळत नव्हतं. बाई, त्यात तिशीतली, त्यात साताऱ्याकडची, पुण्यात ना कुणी नातेवाईक ना कुणी वजनदार ओळखीचं. "मिस्टर काय करतात?" हा पहिला प्रश्न असायचा आणि "घरात विचारून सांगतो" हे शेवटचं वाक्य.

आणि लोकांचं चुकत होतं असंही नाही. कुणीतरी गोड बोलणारा येतो, लाखभर टोकन देतो, नोटरीकडून एमओयू, म्हणजे नुसता समजुतीचा करार, करून घेतो, सहा महिने फ्लॅट अडकवून ठेवतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक गाठून मधला मलिदा खातो आणि गिऱ्हाईक नाहीच मिळालं तर काहीतरी खुसपट काढून टोकन परत मागतो, हे पुण्यात इतक्या जणांच्या बाबतीत झालंय की 'इन्व्हेस्टर' म्हटलं की लोक दार अर्धंच उघडतात. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागात तर वरून रिडेव्हलपमेंटची धास्ती, कारण आज जुन्या भावात विकलं आणि उद्या सोसायटीनं 79ए ची, म्हणजे रिडेव्हलपमेंटसाठी ठरवून दिलेली, प्रोसेस सुरू केली तर फायदा सगळा घेणाऱ्याचा, म्हणजे हिला नक्की काहीतरी आतली बातमी असणार! ऑनलाइन कोर्सवाले यावर काय शिकवतात माहितीये? सेलरला घाई करा, 'ऑफर रविवारपर्यंतच' म्हणून सांगा. सत्तरीच्या माणसाला, ज्यानं त्या घरात मुलांची लग्नं केली, त्याला रविवारपर्यंतची मुदत! असो.

तुमचा फ्लॅट घ्यायचा म्हणून तुमच्याकडे आले तेव्हा मी आधी कार्ड पुढे केलं होतं, चांगलं जाड, सोनेरी अक्षरांचं. तुम्ही ते बघितलंसुद्धा नाही, "कार्ड काय कुणीही छापतं, बस" म्हणालात. मग विचारलंत, एजंट आहेस का, असशील तर महारेराचा, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर दे. मी म्हटलं एजंट नाही, स्वतः घेणार, दुरुस्त करणार आणि विकणार, नफ्यासाठीच घेतेय. त्यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत, मला वाटलं आता चहा न देता घालवणार. पण तुम्ही डायरी काढलीत. जिल्हा परिषदेच्या अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेल्या बाईची डायरी ती, समास आखलेला, तारीख घातलेली, आणि पुढचा प्रश्न असा की जो मला आजवर दुसऱ्या कुणी विचारला नाही. "तुझ्या सुताराचा आणि प्लंबरचा नंबर दे."

मी दिले. तुम्ही माझ्यासमोरच फोन लावलात, स्पीकरवर, आणि मिस्त्रींना विचारलंत, "पैसे वेळच्या वेळी देते का ही? शेवटचा हप्ता किती दिवस लटकवते?" मिस्त्री आधी गांगरले, त्यांना वाटलं कुठली चौकशी लागली, मग म्हणाले मॅडम पैसे देतात पण डोकं फार खातात. तुम्ही ते डायरीत लिहून घेतलंत! माझा आयटीआर मागितलात, बँकेचं लोन सँक्शनचं पत्र मागितलंत, पण मला वाटतं त्या फोनवरच तुमचं निम्मं ठरलं होतं. बँकेला माझी सॅलरी स्लिप नसते म्हणून मी आवडत नाही, पण मजुराचे पैसे बुडवत नाही हे तुम्ही शोधून काढलंत, आणि आता मी कुठेही जाते तेव्हा मागायच्या आधीच ते दोन नंबर देते.

मग ती प्लॅस्टिकची फाइल. 1986 चं अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (त्याच्या रजिस्ट्रेशनचा उतारा), कॉर्पोरेशनच्या टॅक्सच्या पावत्या वर्षवार लावलेल्या, आणि शेअर सर्टिफिकेट, त्याची एक कड कसरीनं खाल्लेली. फ्लॅट गेलेल्या काकांच्या नावावर, नॉमिनी तुम्ही. माझ्याआधी येऊन गेलेल्या दोघांनी तुम्हाला सांगितलं होतं की नॉमिनी तुम्हीच आहात ना, मग तुमची एक सही बास. मी म्हटलं काकू, नॉमिनी म्हणजे मालक नाही, सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरतं ते नाव असतं, वारस तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघं, काकांच्या आई आधीच गेलेल्या म्हणून तिघंच, नाहीतर त्यांचाही वाटा धरावा लागला असता. मुलानं आणि मुलीनं तुमच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, रजिस्टर केल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून तुम्हीही घेऊ नका. न्यू जर्सीच्या मुलाला सुट्टी नव्हती तर पॉवर ऑफ अॅटर्नी करायची, ती तिकडे कॉन्सुलेटमधून करून पाठवायची, इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, तिच्या आधारे त्याच्या वतीनं तुमची मुलगी सही करणार, असं सगळं मी एका कागदावर लिहून दिलं. वेळ जाणार होता, माझ्या लोनची मुदत पुढे ढकलावी लागणार होती, पण तुम्ही त्या दिवशी चहा टाकलात.

ओरिजिनल मी मागितले नाहीत, फक्त झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवं 'फक्त टायटल तपासण्यासाठी' लिहून खाली तारीख टाकायला लावलं, आधारची मास्क केलेली, म्हणजे नंबर झाकलेली, कॉपी. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी साफ आहे का त्याची तपासणी) आणि पेपरातली जाहीर नोटीस दोन्ही माझ्या खर्चानं केलं आणि रिपोर्टची एक प्रत तुम्हाला दिली. रिपोर्ट सेलरला कुणी देत नाही म्हणे, का देत नाही देव जाणे, घर तर त्यांचंच असतं.

आता तो हिशेबाचा कागद. तो दाखवायची कल्पना माझी असली तरी दाखवायचं धाडस तुमच्यामुळे झालं, कारण तुम्ही सरळच विचारलंत, "तुला यात किती सुटणार?" धंद्यात हा प्रश्न आला की लोक हसून विषय बदलतात. मी लिहून काढलं. तुम्हाला 72 लाख. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सात टक्के पण बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर सहा, म्हणजे 4 लाख 32 हजार (आधी या सवलतीला पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये निघाली म्हणून माझं जमतं), रजिस्ट्रेशन 30 हजार, काम साधारण 7 लाख, व्याज, मेंटेनन्स वगैरे धरून 3 लाख, आणि विकताना 95 आले तर त्यातून दलाली जवळपास एक लाख. राहतात सव्वासात-साडेसात, त्यावर टॅक्स. आणि 95 च्या ऐवजी 88 आले तर जवळपास काहीच नाही, त्याच्याही खाली गेलं तर उलट खिशातून. तुम्ही प्रत्येक बेरीज पेन्सिलनं पुन्हा केलीत, व्याजाखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, "आणि एवढ्यासाठी तू तीन जिने चढतेस?" भाव काही कमी केला नाहीत मात्र, एक रुपया नाही.

रिडेव्हलपमेंटचंही तिथेच बोललो. मी म्हटलं, तुम्ही मेंबर आहात, कमिटीला लेखी विचारा की हा विषय मीटिंगमध्ये आलाय का, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का, उत्तर आल्यावरच भाव ठरवू. तुमच्याकडे कन्व्हेयन्सच झालेलं नव्हतं, म्हणजे गाडी अजून लांब होती, पण ते माझ्या तोंडून नको, सेक्रेटरींच्या सहीनं आलेलं बरं.

मधे तो जास्त भाव देणारा आला होता ना, 78 म्हणणारा, त्यातले 20 कॅश? तुमच्या मुलीचा जीव त्यात अडकला होता आणि मला ते पटतही होतं, सहा लाख काही थोडे नाहीत. मी एवढंच सांगितलं की घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे विकणाऱ्याला, आणि तो जेवढी रोख तेवढाच असू शकतो. खरंखोटं तुमच्या सीएला विचारा, माझ्या नाही. माझ्या सीएचा नंबर मी मुद्दाम दिलाच नव्हता. तुमच्याच सीएनं मग तेही सांगितलं की 2001 च्या आधीचं घर असल्यामुळे खरेदीच्या जुन्या किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 चं व्हॅल्युएशन धरता येतं, आणि तुमचा टॅक्स तुम्हाला वाटत होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. 78 वाला पुन्हा आला नाही, कॅशशिवाय त्याचा आकडा 70 वर आला होता असं तुमच्या मुलीनं नंतर सांगितलं.

विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, चेकनं, विसार पावतीवर स्पष्ट लिहिलेलं की माझ्यामुळे व्यवहार मोडला तर विसार तुमचा आणि कागदात अडचण निघाली तर परत माझा. रजिस्ट्रेशनच्या दिवशी तुमचा अंगठा काही मशीन घेईना, भांडी घासून रेषा झिजल्यात म्हणालात, सगळं ऑफिस हसलं. उरलेले पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज तुमच्या मुलीच्या फोनवर दिसल्यावरच मी सही केली, तुमच्या रकमेतून टॅक्सपोटी कापलेले टीडीएसचे 72 हजार मी भरले आणि त्याचा दाखला, 16बी, हातात आणून दिला, कारण तो मिळाला नाही म्हणून पाठपुरावा करणारे किती सेलर मी बघितलेत.

इथवर झालं ते व्यवहाराचं, त्याचे आभार मानायचे तर तेही मानते. पण खरे आभार पुढच्याचे. ठाण्याला जाताना तुम्हीच म्हणालात, "कुणी विचारलं तर माझा नंबर दे, पण चारच्या आधी नाही, मी झोपते." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलताय. पहिला फोन बिबवेवाडीच्या एका जोडप्यानं केला आणि तुम्ही त्यांना पाऊण तास बसवलंत! मी कुठे कुठे चोख वागले ते सांगितलंत, आणि तेवढ्याच ठसक्यात हेही सांगितलंत की पोरगी फोन उचलायला उशीर करते आणि ओट्याचा कडाप्पा तुम्हाला न विचारता भंगारात घातला. ते दोघं मला म्हणाले, कडाप्प्याचं ऐकल्यावर वाटलं बाई खऱ्या आहेत. मी किती ठिकाणी किती ब्रोशर वाटले असतील, त्या कडाप्प्यानं जे केलं ते कशानं झालं नाही.

त्या दिवाळीला मी तुम्हाला पाकीट घेऊन आले होते, काही तरी द्यावं म्हणून. तुम्ही उघडलंसुद्धा नाही. "पैसे घेतले तर मी तुझी एजंट झाले, मग माझ्या सांगण्याला किंमत काय राहिली?" साडीपण परत केलीत, चिवडा तेवढा ठेवून घेतलात. मला तेव्हा जरा वाईट वाटलं होतं, आता कळतंय की ते पाकीट घेतलं असतंत तर तो वारज्याचा फ्लॅट, त्याआधीचा सहकारनगरचा, काहीच झालं नसतं.

काकू, हे सगळं वाचून मुलीला म्हणाल की किती लांबण लावलीये, मुद्द्याचं लिही म्हणावं. मुद्द्याचं एवढंच की खूप खूप आभार. आणि पुढच्या आठवड्यात कर्वेनगरच्या एका मॅडमचा फोन येईल, शाळेत गणित शिकवायच्या, वेळ चारनंतरची दिलीये. त्यांनाही हिशेबाचा कागद दाखवलाय, व्याज मी कमी धरलंय असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही दोघी बोला आणि काय ठरेल ते मला कळवा.

तुमची,
डोकं खाणारी मॅडम