कपाट उभं राहिलं

निपानिया, इंदूर
12 मार्च

प्रिय सुहास,

आधी वाईट बातमी. माजघरातलं कपाट गेलं. तेच, ज्यात तू लपंडावात झोपून गेलास आणि तुझी आई विहिरीत डोकावून रडत होती. रामबागेतलं घर बिल्डरला देताना ठरवलं होतं, बाकी काही नाही आणलं तरी चालेल, हे न्यायचं. हमालांनी उचललं, आडवं केलं, तिरकं केलं, जिन्याच्या वळणापर्यंत नेलं आणि गुपचूप परत आणून ठेवलं. तेव्हा उलगडा झाला, की ते या जिन्याने कधी वर आलंच नव्हतं. आजोबांनी सुतार घरी बसवून, सागवानाच्या फळ्या वर नेऊन, खोलीतच करवून घेतलं होतं. सुटं करायचं म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. भोकात कूस, म्हणजे फळीचं कोरलेलं टोक, वरून लाकडी खुंटी, आत सरस. दोन सांधे सुटले, तिसऱ्याला फळीच चिरली. “आंटीजी, ये खुलने के लिए नहीं बना,” म्हणाला. लाकूडवाला घेऊन गेला. किती पैसे आले ते सांगत नाही, तू चिडशील.

तर आता नवीन कपाट. पाच खोक्यांमध्ये लिफ्टने आलं. तीन दारं, 210 सेंटिमीटर उंच, 120 रुंद. बसवून द्यायला माणूस येणार होता. तीन दिवस “आज पक्का” असे निरोप आले, माणूस आला नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी पदर खोचला.

पुस्तिकेत एकही शब्द नाही, नुसती चित्रं, म्हणजे कुठल्याही देशात चालावं. पहिल्याच चित्रात एकटा माणूस, त्याच्यावर फुली. शेजारी दोन माणसं, हसरी. पुढे सारखी ती दोघं भेटत राहतात. एक फळी धरतो, दुसरा स्क्रू पिळतो. मला त्यांचा राग यायला लागला.

पण खरं सांगू, दुसरा माणूस लागतो तो ताकदीसाठी नाही, धरायला लागतो. बाजूची एक फळी 14 किलोची, ती काही मी उचलू शकत नाही असं नाही. पण ती उभी धरून त्याच वेळी वाकून खाली स्क्रू कसा लावणार? मग मी धरणारे शोधले. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गव्हाची कोठी, मधे उशा. कोठी फार गुणी निघाली. हलली नाही, मधेच चहा मागितला नाही, “असं नाही, तसं” म्हणाली नाही.

स्क्रू आधी वाट्यांत वेगळे केले, डाव्या-उजव्याची फळ्यांवर पेन्सिलने खूण केली. सांधा कसा असतो बघ: एका फळीत लोखंडी खिळी बसवायची, दुसरीच्या पोटात गोल चकती. खिळीचं डोकं चकतीत शिरलं की चकती अर्धा फेरा फिरवायची, ती त्याला आत ओढून धरते. मिस्त्री लोक त्याला मिनिफिक्स म्हणतात. शेजारी लाकडी गुट्ट्या असतात, त्या फळी जागेवर ठेवतात. चकतीवरचा बाण खिळीकडे नसला तर काहीच शिरत नाही, आणि आपण उगाच ठोकत बसतो. मी बसले.

मोठी चूक मधल्या फळीची. तिची एक कड पट्टी लावलेली, एक उघडी, भुशासारखी. उघडी कड पुढे आली, आणि हे मला कळलं रात्री साडेनऊला, आठ चकत्या पिळून झाल्यावर. सगळं उलगडलं. या फळ्या म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेल्या. स्क्रू एकदा धरतात, दुसऱ्यांदा कुरकुरतात. दोन भोकं ढिली झाली. त्यांत फेविकॉल आणि आगकाडीचे तुकडे भरले आणि झोपले. सकाळी घट्ट.

पाठीची पातळ फळी लावायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले. एक 241.2, दुसरा 242.5. म्हणजे चौकट काटकोनात नाही, आणि तशीच खिळे मारून पक्की केली असती तर दारं जन्मभर तिरकी. लांब कर्णाचा कोपरा गुडघ्याने ढकलला, दोन्ही 241.8 वर आले, मग खिळे मारले. माझ्या वहीतून भूमिती उतरवणाऱ्या माणसाला यातलं काही आठवतंय का?

अजून एक पायथागोरस. कपाटाची जागा माळ्याखाली, आणि माळा 213 सेंटिमीटरवर. कपाट 210 म्हणजे बसतं, असं तू म्हणाला असतास. पण ते आडवं जोडून उभं करायचं असतं, आणि उभं होताना त्याचा कोपरा कर्णाइतका वर जातो. खोली 58, तर कर्ण जवळजवळ 218. माळ्याखाली जोडलं असतं तर तिथेच अडकलं असतं. जिना पुन्हा आठवला. म्हणून मधोमध, पंख्याच्या पलीकडे जोडलं, खाली जुनी गोधडी घातली.

दारं आणि कप्पे न लावता एक टोक उचललं तर भरलेल्या सिलिंडरएवढं वजन येतं. पायाकडची बाजू भिंतीला टेकवली. आधी पाट सरकवला, मग स्टूल, मग पलंगाची कड. प्रत्येक टप्प्यावर दम खाल्ला. खालून वॉचमनचा आवाज, “आंटीजी, अकेले मत उठाना!” त्याला कसं कळलं देव जाणे. उभं राहिलं तेव्हा मी खाली बसले. मग गोधडी ओढत जागेवर नेलं, वरच्या मजल्यावरून ड्रिल मागून आणलं आणि माथ्याकडे पट्टी मारून भिंतीला बांधलं. हे टाळायचं नाही; सगळी दारं एकदम उघडली की उंच कपाट पुढे झुकू शकतं.

तुझ्या आजोबांची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठवते? तिच्या बुडाचे स्क्रू आपण काढले होते आणि आजोबा धाडकन. परवा वाचलं, ऑस्ट्रियातल्या थोनेट नावाच्या सुताराने 1859 मध्ये केलेली तशी खुर्ची सहा तुकडे आणि दहा स्क्रूंची होती. सुट्ट्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, जिथे जातील तिथे जोडत. म्हणजे आपण फक्त तिला परत खोक्यात घालत होतो. हे आजोबांना तेव्हा सांगता आलं असतं तर!

आता दारं. बिजागरीला स्क्रू असतात, एकाने दार डावी-उजवीकडे सरकतं, एकाने आत-बाहेर, एकाने वर-खाली. उजवं आणि मधलं छान लागली. डावं अजून दोन मिलिमीटर खाली आहे. दोनदा केलं, ते परत तिथेच येतं. तू आलास की त्याच्याकडे बघू नकोस. आणि मे महिन्यात ये, जिना नाही इथे, लिफ्ट आहे.

तुझी,
नलू