मिरीचे पाच दाणे

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही तुमच्या लेखात आमच्या शिराझ वाईनबद्दल काय लिहिलंत ते आता पुष्कळांनी वाचलं. परवा फोंड्याच्या बाजारात एका अनोळखी बाईंनी मला थांबवून "त्या वाईनवाल्यांची मुलगी तूच ना?" असं विचारलं. पण त्या दुपारी तुमच्या सोप्यावर जे घडलं ते लेखात नाही, आणि तुम्ही ते कधी लिहिणारही नाही. म्हणून मी लिहिते. माझं नाव कुठे घालू नकोस असं बजावलं होतंत, ते पाळते आहे.

मी माहेरची नाशिककडच्या दिंडोरी तालुक्यातली, लग्न होऊन अंत्रुजात, म्हणजे गोव्यात फोंड्याकडे आले. माझ्या वडिलांची, नानांची, आधी थॉमसनची बाग होती, खायच्या द्राक्षांची. तिथे सगळा मान मण्याच्या आकाराला. जीएच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, मणी फुगवायचे, वजन काढायचं. पुढे सरकारचं वाईनचं धोरण आलं, २००१ साली, आणि गावोगाव वाईनच्या द्राक्षांची लागवड सुरू झाली. नानांनीही अडीच एकरांत शिराझ आणि थोडी कॅबर्ने या तांबड्या वाईनच्या जाती लावल्या. शेजारचे बांधावर उभे राहून म्हणायचे, ही काय करवंदं लावलीत? मणी बारीक, साल जाड, चाव्याला बिया. पण तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, हे नानांना पहिल्याच तोडणीत कळलं होतं.

२००९ च्या सुमाराला मंदी आली. वाईनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं आणि आमच्या भागात कित्येकांनी रडत रडत वेल उपटले. नानांनी उपटले नाहीत. दोन वर्षं नुकसान सोसलं, मग दादाने कर्ज काढून घरचीच छोटी वाईनरी उभी केली. चार टाक्या, सहा पिंपं. एका पिंपात २२५ लिटर बसते, म्हणजे ३०० बाटल्या. एवढाच आमचा पसारा.

आणि नाना माळकरी आहेत. त्यांनी आयुष्यात वाईनचा थेंब जिभेवर ठेवलेला नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी-केवड्यासारखे रोग, गारपिटीच्या रात्री, सगळं त्यांचं. पण त्यातून शेवटी काय तयार होतं ते त्यांना कधी कळलंच नाही. २०२२ मध्ये किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवायच्या निर्णयावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा गावात भजनाच्या बैठकीतून एकाने नानांना ऐकवलं, की माळ घालून दारू पिकवता. नाना काही बोलले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस ते बैठकीला मागे, दाराशी बसायचे.

गोव्यात आमची वाईन विकायचं मी मनावर घेतलं, तेव्हा वाटलं होतं की इथे तरी लोकांना कळेल. शाळा सुटली की पिशवीत दोन बाटल्या घालून मी दुकानं पालथी घालायची. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न, गोड आहे का? इथे तांबडी वाईन म्हटली की गोड पोर्टच डोळ्यांसमोर येते. त्यात गिऱ्हाइकाची चूक नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. राग त्यांचा नाही. राग आहे त्या वितरकाचा, ज्याने आमची चाळीस खोकी एप्रिल-मे पत्र्याच्या गोदामात ठेवली. बुचं वर सरकली, बाटल्यांच्या गळ्यावर चिकट ओघळ आले, वाईनला शिजवलेल्या जांभळांचा वास सुटला. आणि मग त्यानेच आम्हाला सांगितलं, तुमच्या मालात दम नाही. राग आहे त्या चाखणाऱ्याचा, ज्याने एका हॉटेलात उकडत्या हॉलमध्ये एक घोट घेतला, लेबलावरचं गावाचं नाव वाचलं आणि पेला सरकवला. आणखी एकाने तर चांगलं लिहायचा दरच सांगितला. दादा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

तुमच्याकडे यायला म्हणूनच मी कचरत होते. तोडणी संपवून नाना शिगम्याला माझ्याकडे आले होते, दादाही होता. घरी एकटं कुठे ठेवायचं म्हणून नानांनाही सोबत घेतलं. तुम्ही बाटली हातात घेतलीत, तळव्याने तिचा गरमपणा पाहिलात आणि काही न बोलता विहिरीच्या पाण्याच्या बादलीत उभी केलीत. वीस मिनिटं आपण पिकांबद्दल बोललो. तांबडी वाईन घरातल्या हवेच्या गरमीला द्यायची, हे आपल्याकडे कुणीतरी चुकीचं पसरवून ठेवलं आहे. ती १६ ते १८ अंशांवर बोलते आणि गोव्याची दुपार ३३ अंशांची असते. एवढं साधं कोणीच केलं नव्हतं.

मग तुम्ही चाखलीत. बराच वेळ गप्प. पुन्हा चाखलीत. आणि तेव्हा तुमचं लक्ष गेलं की नानांच्या पुढ्यात पेला नाही. तुम्ही गळ्यातली माळ पाहिलीत. का घेत नाही, थोडी तरी घ्या, एवढं पिकवता आणि चाखत नाही, असलं एक अक्षर बोलला नाहीत. लोक हे नेहमी बोलतात, हसून बोलतात, आणि नाना दर वेळी मान खाली घालतात. तुम्ही उठलात, मागच्या अंगणात सुपात वाळत घातलेली कुळागरातली, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली मिरी होती, तिचे पाच दाणे आणलेत. वरवंट्याने ठेचलेत. एका तळहातावर ती मिरी आणि दुसऱ्या हातात पेला धरून नानांसमोर उकिडवे बसलात, सत्तरीतला माणूस, आणि म्हणालात, "आधी हे हुंगा. आता हे."

नानांनी मिरी हुंगली. पेला हुंगला. पुन्हा मिरी. मग माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. "हा वास आपल्या बागेतला?" एवढंच विचारलं.

मग तुम्ही त्यांना समजावलंत, एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगावं तसं. मिरीला जो वास देतो तोच पदार्थ शिराझच्या सालीत असतो, त्याला रोटंडोन म्हणतात, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो ओळखला. अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. काहींना मात्र तो वास येतच नाही, पाचांत एखादा माणूस तसा निघतो. थंडाव्यात, कमी उन्हात पिकलेल्या घडांत तो जास्त. हे ऐकून नाना ताठ बसले. म्हणाले, मग तो ओढ्याकडच्या सात ओळींतून आला असणार. तिथे पौषात रात्री हुडहुडी भरते, घड आठ दिवस मागे असतात, दादा त्या ओळींना नेहमी नावं ठेवतो. तुम्ही लगेच वहीत लिहून घेतलंत. पंचवीस वर्षं बाग राखलेल्या माणसाला त्याच्या वाईनबद्दल कोणीतरी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

उरलेली बाटली बूच लावून ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केलात की आज परत चाखली, आज ती जास्त मोकळी झाली आहे. कॅबर्नेबद्दलही तेव्हाच सांगितलंत. अमेरिकन ओकच्या लाकडाच्या नव्या पिंपाचा नारळ-व्हॅनिलाचा वास फळाच्या चवीवर चढला आहे, हे लेखातही जसंच्या तसं लिहिलंत. दादा दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवशी त्याने पिंपातली वाईन काढून जुन्या पिंपात भरली. त्या एका टीकेमुळेच शिराझच्या कौतुकावर लोकांनी विश्वास ठेवला, हे आता तो स्वतः सांगतो.

काका, नीट वागणारी माणसं फार आहेत असं मला पूर्वी वाटायचं, मग मधली काही वर्षं तसं वाटेनासं झालं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, माणूस पाहायचा तर तो आपल्याशी कसा वागतो ते पाहू नये, ज्याच्याकडून त्याला काहीच मिळायचं नाही त्याच्याशी कसा वागतो ते पाहावं. नाना तुमच्यासाठी काय करणार होते? ते तर तुमच्या लेखाचा विषयही नव्हते. तरी तुम्ही त्यांना वाईनपासून वगळलं नाहीत आणि त्यांच्या माळेलाही धक्का लावला नाहीत. शाळेत मुलांना सभ्यपणाबद्दल सांगायची वेळ आली की मला आता तुमचा तळहातच आठवतो.

तुमचा लेख नानांनी गावात कोणाला दाखवला नाही. त्यांनी मिरी दाखवली. बैठकीत सगळ्यांच्या हातांवर एकेक दाणा ठेवला आणि सांगितलं, आमच्या द्राक्षांत हा असतो. परत ते पुढे, पखवाजाजवळ बसायला लागले आहेत, असं आईने फोनवर सांगितलं.

या हंगामात ओढ्याकडच्या सात ओळी दादाने वेगळ्या तोडल्या, वेगळ्या आंबवल्या. जेमतेम एक पिंप भरलं. त्यातली पहिली बाटली निघेल ती तुमच्याकडे येईल, लेबल नसेल.

आणि निघताना तुम्ही नानांना मिरीची जी कांडी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली होतीत, ती त्यांनी विहिरीजवळच्या आंब्याच्या सावलीत लावली. दिंडोरीच्या उन्हात ती टिकणार नाही असं सगळे म्हणत होते. एप्रिलभर नानांनी तिच्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं, भोवती उसाच्या पाचटाचा आडोसा केला. गेल्या आठवड्यात तिला आणखी दोन पानं फुटली. दाणे धरायला तीन वर्षं तरी लागतात, असं तुम्ही म्हणाला होतात. नाना मोजत आहेत.

तुमची,
दिंडोरीची लेक, फोंड्याची सून