वेरूळच्या ऑडिओ संचाबाबत तक्रार: चुकीच्या लेण्यापाशी चुकीची माहिती

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 299 रुपयांच्या वेरूळ संचातील दोष दुरुस्त करणे व रक्कम परत मिळणे

महोदय,

'लेण्यासमोर उभे राहा, माहिती आपोआप सुरू होईल', अशी आपल्या ॲपची जाहिरात आहे. प्रत्यक्षात दहाव्या लेण्यात, म्हणजे सुताराच्या झोपड्यात, उभे असताना बाराव्याची माहिती वाजते. समोर स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध, छताला दगडात कोरलेले वासे, आणि कानात 'हा तीन मजली विहार पाहा'. दोन अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर हाच प्रकार झाला, तेव्हा दोष फोनचा नाही.

ॲपच्या नकाशावर प्रत्येक लेण्याभोवती 100 मीटर त्रिज्येचे वर्तुळ दिसते. अँड्रॉइडच्या सूचनेत किमान 100 ते 150 मीटर त्रिज्या ठेवा असे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. सुट्या सुट्या ठिकाणांना ते चालते. वेरूळला 34 लेणी एका कड्यात ओळीने आहेत. 10, 11 आणि 12 तर एकमेकांना खेटून. तिन्ही वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि शेवटी ज्याची नोंद लागली तेच वाजते. चालू असलेले निवेदन वाक्याच्या मधेच तुटते, ते वेगळेच.

नुसती त्रिज्या कमी करून भागणार नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत नेम धरतो. कड्यापाशी अर्धे आकाश झाकले जाते, उपग्रहांचे संकेत बेसाल्टवर आपटून उशिरा पोहोचतात आणि नकाशावरचा निळा ठिपका भटकतो. कैलासच्या अंगणात तिन्ही बाजूंना उंच कातळ असल्याने हे जास्तच होते. लेण्याच्या आत तर संकेतच नसतो. फोन जुनी जागा धरून बसतो किंवा मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. तीन ताल, म्हणजे बाराव्या लेण्याच्या, तिन्ही मजल्यांचे अक्षांश-रेखांश एकच. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले सात-सात बुद्ध पाहताना तळमजल्याचेच निवेदन ऐकावे लागते.

आयफोनवर एकविसाव्यापासून पुढे ॲप गप्पच राहते. आयफोन एका ॲपला एका वेळी फक्त 20 प्रदेशांवर, म्हणजे अशा 20 वर्तुळांवर, लक्ष ठेवू देतो, आणि आपण बहुधा पहिली 20 नोंदवून थांबला आहात. रामेश्वर, धुमार लेणे, इंद्रसभा या सगळ्यांचे पैसे घेतले, पण ऐकू काहीच येत नाही. फोन जसा पुढे सरकेल तशी जवळची 20 लेणी नव्याने नोंदवली की हे सुटते.

अँड्रॉइडवर स्क्रीन बंद केली की ॲप झोपते. आठव्या आवृत्तीपासून मागे चालणाऱ्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा जागा कळते. त्यावर आपण 'नेहमी परवानगी द्या' असा आग्रह धरता. तो अनावश्यक आहे. ॲप उघडे असतानाच सूचनापट्टीत दिसणारी सेवा सुरू केली, तर 'ॲप वापरताना' एवढ्या परवानगीत काम भागते. ऑडिओ ॲपने ग्राहकाचा दिवसभराचा ठावठिकाणा मागू नये.

सगळ्यात आधी एक करा: ॲपमध्ये आकड्यांची पाटी द्या. लेण्याचा क्रमांक दाबला की निवेदन सुरू. तीन तालसाठी क्रमांकानंतर मजला. लेण्यांना क्रमांक आहेतच, त्यामुळे क्यूआर फलकांसारखी पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागणार नाही. जीपीएसने फक्त जवळची तीन-चार लेणी सुचवावीत, निवड ऐकणाऱ्याची. सुरू असलेले निवेदन त्याने स्वतःहून तोडू नये.

299 रुपये परत करावेत आणि दुरुस्ती होईपर्यंत 'आपोआप' हा शब्द जाहिरातीतून काढावा. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू. पावती आणि तिन्ही फोनवरील नकाशाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपले,
संचाचे ग्राहक