आशूचा डबा

पुणे,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि आई,

सप्रेम सलाम.

फोनवर आशूचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, आणि आई, तुला नेमकं तेव्हाच नळाला पाणी येतं. नगरला पाणी कधी येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पत्र. सकाळची उपासना करून आले, रात्रपाळीला जायला अजून चार तास आहेत, तेवढ्यात लिहून होईल.

फेब्रुवारीत मी आले होते तेव्हा माळ्यावरून चादर काढताना एक स्टीलचा डबा हाताला लागला. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या अक्षरात "आशू – तिखट". नाताळ होऊन दीड महिना झाला होता. झाकण उघडलं तर खवट वास. तो गोड शंकरपाळ्यांना हात लावत नाही म्हणून ओवा-मिरी घालून त्याच्यापुरत्या वेगळ्या करतेस, त्या या. मी पुण्याला निघाले तेव्हा चार पिशव्या भरून दिल्यास, तो डबा दिला नाहीस. टाकलाही नाहीस. मीही तो जागच्या जागी ठेवून दिला आणि खाली येऊन चहा प्यायले.

आशूनं आपण समलैंगिक आहोत हे तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं त्याला येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील. बाबा, तुम्ही त्याला "येऊ नकोस" म्हणाला नाहीत, हे मी नाकारत नाही. तुम्ही म्हणालात, "हे सगळं सोडून एकटा येणार असशील तर ये." आता यातलं "ये" किती आणि "येऊ नकोस" किती, हे व्याकरण शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला मी काय सांगू!

त्याच खेपेला मी तुमचं बायबल उघडलं. न विचारता, त्याबद्दल माफी. शाळा सुटून सोळा वर्षं झाली तरी लाल-निळी पेन्सिल सुटलेली नाही. आवडलेल्या वचनाला निळी, इशाऱ्याला लाल. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली सव्वीस-सत्तावीस ही, अशा संबंधांना दोष देणारी वचनं लाल होती, आणि पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर वळ लागतात. मी पुढं वाचत गेले. पुढच्या यादीत हेवा आहे, कलह आहे, कपट आहे, चहाड्या आहेत, आईबापांचं न ऐकणंही आहे (ते माझ्या खात्यावर लिहा). यादी संपते तिथं अध्याय संपतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पत्र लिहिणारा पौल ऐकणाऱ्याकडे वळतो: दोष लावणारा तू कोणीही अस, तुला सबब नाही. ते वचन तुमच्या बायबलात कोरं आहे. लाल नाही, निळी नाही.

बाबा, अध्याय पौलानं पाडले नाहीत, ते तेराव्या शतकात पडले. शब्बाथ शाळेत आम्हाला तुम्हीच शिकवलं होतं की हे पत्र आहे, रोमच्या मंडळीत एकानं उभं राहून सलग वाचायचं. मी ते दृश्य डोळ्यासमोर आणते. यादी चालली आहे, माणसं माना डोलावताहेत, कोणी शेजाऱ्याला कोपरानं ढोसतोय, आणि वाचणाऱ्यानं दम घ्यायच्या आत ते वचन येतं. तिथं पान उलटायची सोय नव्हती.

पहिल्या अध्यायातल्या त्या ओळी मला खोडता येत नाहीत. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातल्याही नाहीत. मी पुष्कळ वाचलं. काही अभ्यासक म्हणतात, रोमन धनी गुलामाला आणि मोठी माणसं कोवळ्या पोरांना वापरत, त्याबद्दल पौल बोलतोय. काही म्हणतात, तसं काही नाही, अर्थ सरळ आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या एका ग्रीक शब्दावर तर अजून भांडण चालू आहे. मला ग्रीक येत नाही, तुम्हालाही येत नाही. तुमचं मत तुमच्यापाशी राहू द्या. मी मागते आहे ते वेगळंच आहे.

ऑगस्टमधल्या उपवास-प्रार्थनेला बाहेरगावचे उपदेशक आले होते, त्यांनी पापामुळं भस्म झालेल्या सदोम-गमोरा या गावांची गोष्ट काढली, आणि पुढच्या बाकांवरच्या माना मागं वळून तुमच्याकडे बघायला लागल्या, हे मला मावशीनं सांगितलं. आई, तू नाही सांगितलंस. मावशी म्हणाली, तुम्ही गीतांच्या पुस्तकात डोळे घालून बसला होतात आणि पुस्तक उलटं होतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल जो राग होता तो त्या रात्री अर्धा गेला. बेचाळीस वर्षं ज्या मंडळीचा हिशोब लिहिला, पंच म्हणून ज्यांची भांडणं मिटवली, त्यांनी असं वळून बघावं! पण सदोमाचं पाप काय, ते यहेज्केल संदेष्ट्यानं आपल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात नाव घेऊन सांगितलं आहे: गर्व, भरपूर अन्न, निवांत आराम, आणि गरीब-गरजवंताला हात न देणं. उत्पत्तीतल्या गोष्टीत सगळा गाव दारात आलेल्या पाहुण्यांवर तुटून पडतो. उपदेशकांनी यहेज्केल वाचला नसेल असं नाही, वेळ कमी पडला असेल.

तुम्ही म्हणाल, येशूनं त्या व्यभिचारात धरलेल्या बाईला "पुन्हा पाप करू नकोस" असंही सांगितलं. सांगितलं. पण कधी? आधी एकेक जण निघून गेला, आणि योहान मुद्दाम लिहितो की वडीलधाऱ्यांपासून सुरुवात झाली. अंगणात दोघंच उरल्यावर, तेही आधी "मीही तुला दोषी ठरवत नाही" म्हणून, मग ते वाक्य. आपण ते वाक्य आधी म्हणतो, आणि गर्दीत म्हणतो.

आता पणजोबा. दर नाताळला जेवणं झाली की तुम्ही सांगता. छपन्नच्या (म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गावाच्या विहिरीवर आपल्याला आधीच मज्जाव होता, त्यामुळं गाव आणखी काय करणार! जे केलं ते महारवाड्यातल्या आपल्याच भावकीनं केलं. पाणी तोडलं, रोटी-बेटी बंद. सख्ख्या थोरल्या भावानं अंगणात मडकं फोडलं, "आम्हाला मेला." आणि त्यांची आई अंधार पडला की कुडाच्या फटीतून भाकरी सरकवायची, हाक न मारता. तुमचा आवाज दरवर्षी या भाकरीपाशी अडकतो. आम्ही लहानपणी एकमेकांना चिमटे काढायचो, आता अडकणार, आता अडकणार. आशू मात्र खरोखर रडायचा.

आई, त्या डब्याकडे बघून मला ती भाकरीच आठवली. तुला फट सापडलेली नाही एवढंच. आणि बाबा, आपल्या घरात मडकं कोणाच्या हातात आहे ते मी लिहीत नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांनाच दिसतं, म्हणून माझं मुसळ सांगते. हे तुम्हाला माहीत नाही. आशूनं पहिल्यांदा मला सांगितलं ते 2015 साली, तो चोवीस वर्षांचा होता. मी काय केलं? नर्स असून त्याचा हात धरून त्याला एका प्रार्थनाघरात नेलं. तिथं चौघांनी डोक्यावर हात ठेवून तासभर आरडाओरडा केला. आत्मा निघाला की माणूस मागं पडतो म्हणे. त्यांनी ढकललं, हा पडला नाही. पुन्हा ढकललं. मी शेजारी डोळे मिटून "आमेन" म्हणत होते. रिक्षात बसल्यावर तो शर्टाचं वरचं बटण चाचपत होता, तुटलं होतं. मग म्हणाला, "ताई, मी पडायला हवं होतं का?"

जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 रोजी हे आजारांच्या यादीतून काढलं. आशू जन्मला 1991 साली. म्हणजे जो आजार त्याच्या जन्माआधीच यादीतून गेला होता त्याचा इलाज मी शोधत होते. पुढं 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असल्या "बरं करायच्या" उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. प्रार्थनाघरांना आयोग नसतो. त्या दिवसाबद्दल मी आशूची माफी मागितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "बटण लावून दे." मी लावून दिलं. रंग जुळला नाही.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाचा, असे संबंध गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. कलम तसं इंग्रजांचं, 1860 च्या दंडसंहितेतलं. वॉर्डातल्या टीव्हीवर बातमी चालू होती आणि आशूचा फोन आला, "ताई, आजपासून मी गुन्हेगार नाही." मी सलाईन लावत होते, "नंतर बोलते" म्हणाले. हेही माझ्याच खात्यावर.

गेल्या ऑक्टोबरात त्याला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट अठ्ठावीस हजारांवर आल्या होत्या. बाबा, त्या रात्री तुम्ही मला तीन वेळा फोन केलात. दर वेळी एकच वाक्य, "आकडा किती?" पहाटे बावन्न हजार सांगितल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. त्याला भरती करताना फॉर्म कोणी भरला माहीत आहे? ज्या मुलाचं नाव घेतलं की तुम्ही खोलीतून उठून जाता, म्हणून मी इथं घेत नाही, त्यानं. "रुग्णाशी नातं" या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मी बघत होते. शेवटी "मित्र" लिहिलं. पाच वर्षं एका घरात राहताहेत. न्यायालयानं 2023 च्या ऑक्टोबरात लग्नाला नकार दिला, त्यामुळं दुसरा शब्द त्याच्याकडे नाही. चार दिवस तो प्लास्टिकच्या खुर्चीवर झोपला आणि रोज घरून मऊ भात आणत होता. आई, तुझ्यासारखा, वर लसणाची फोडणी घालून. आशूनं शिकवला असणार.

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असं तुम्ही म्हणता. पण आपल्याकडे शुभवर्तमान आणलं ते कोणी? 1831 साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशननं. ज्या बोस्टनच्या बोर्डानं ते मिशन पाठवलं त्याचा वारसा आज युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टकडे आहे. त्या मंडळीनं 1972 मध्येच आपण समलैंगिक आहोत हे उघड सांगणाऱ्या माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली. त्यांचं सगळं बरोबर असेल असं नाही. पण त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या फोटोला हार घालायचा आणि नातवंडांना खुळे म्हणायचं, हे जमत नाही. कॅथलिकांची शिकवण अजून आहे तशीच आहे, त्यांच्या धर्मशिक्षणात या कृतीला चूकच म्हटलंय. तरी त्याच पानावर, अशा माणसांना आदरानं आणि हळुवारपणे वागवा, अन्यायानं वेगळं काढू नका, असंही छापलं आहे. आणि यंदा एप्रिलमध्ये वारलेले पोप फ्रान्सिस 2013 मध्ये विमानात पत्रकारांना म्हणाले होते, देवाला शोधणाऱ्या अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण? पोपचं आपण ऐकत नाही, मला माहीत आहे. ऐकायचं नसलेल्याचंही कधी कधी बरोबर निघतं.

माझं मागणं एवढंच आहे. 24 डिसेंबरला मी, तुमचे जावई आणि मुली दुपारपर्यंत पोचतो. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. त्या मी आपल्या अधिकारात भरू शकले असते, पण दारात तमाशा नको आणि आशूही तसा येणार नाही. त्याला तुमचा फोन हवा आहे. माझा चालत नाही, आईचाही चालणार नाही. उपदेश नको, अट नको. "कधी निघताय" एवढंच विचारलंत तरी चालेल. "निघतोस" नाही, "निघताय". त्या मुलाशी बोलायला सुचलं नाही तर बोलू नका, त्याला कॅरमला बसवा, तो बरा खेळतो. पंचमंडळींत कोणी विचारलं तर माझं नाव सांगा, ताईनं आणलं म्हणून.

आई, माळ्यावरचं ते सगळं आता टाकून दे आणि डबा घासून ठेव. ओवा इकडून आणते, तिकडचा जुना झाला असेल.

आणि बाबा, आशूचा नंबर बदललेला नाही. आईच्या फोनमध्ये "आशू जुना" म्हणून आहे, तोच चालू आहे.

तुमची,
ताई