फ्लोरिसची आत्या कुठे गेली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ॲमस्टरडॅम शहराला साडेसातशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. हॉलंडचा काउंट (त्या प्रांताचा सत्ताधीश सरदार) फ्लोरिस पाचवा याला त्यात ‘रयतेचा कैवारी’ म्हटले असून 27 ऑक्टोबर 1275 रोजी त्याने दिलेल्या टोलमाफीच्या सनदेवर सगळा भर दिला आहे. आम्स्टेल नदीवरच्या बांधाजवळ वस्ती करून राहणाऱ्यांचा, म्हणजे पहिल्या ॲमस्टरडॅमकरांचा, पहिला लेखी उल्लेख या सनदेत सापडतो, त्यामुळे तिचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु टोलमाफी कोण देतो आणि कशासाठी देतो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको (ऑक्टोबर 2024 मध्ये शहराच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा निवडणूक किती जवळ आली होती हे वाचकांना आठवत असेल). आम्स्टेलचा मुलूख त्या वेळी युट्रेक्टच्या बिशपच्या सत्तेखाली होता; आदल्याच वर्षी फ्लोरिसच्या हॉलंडमधल्या केनेमरलँडच्या शेतकऱ्यांनी बंड केले होते आणि आम्स्टेलचा सरदार हाइसब्रेख्त त्यांना जाऊन मिळाला होता. दुसऱ्याच्या मुलखातली माणसे आपल्याकडे वळवून घेणाऱ्या या सनदेत कैवार थोडा आणि हिशेब अधिक होता, असे माझे मत आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. लेखात फ्लोरिस आहे, त्याचे घराणे नाही. आणि घराण्यावाचून या माणसाच्या आयुष्याचा उलगडा होत नाही. 1254 मध्ये जन्मलेला हा मुलगा दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याचे वडील विलेम दुसरे पश्चिम फ्रिसलंडच्या मोहिमेवर होखवाउडजवळ मारले गेले. जर्मनीचा राजा म्हणून निवडून आलेला हा काउंट गोठलेल्या पाण्यावरून जात असता घोड्याखालचा बर्फ फुटला आणि अडकलेल्या स्वाराला फ्रिसियन शेतकऱ्यांनी ठार केले. प्रेत त्यांनी लपवले. 1282 मध्ये फ्लोरिसने त्या प्रदेशावर चढाई केली तेव्हा वडिलांच्या अस्थी एका घराच्या चुलीखाली पुरलेल्या सापडल्या, असे सांगितले जाते. त्या त्याने मिडलबर्गच्या मठात नेऊन पुरल्या. पश्चिम फ्रिसलंड प्रत्यक्ष ताब्यात यायला पुढची काही वर्षे गेली आणि डिसेंबर 1287 च्या महापुराने तिथल्या लोकांचे कंबरडे मोडले नसते, तर आणखीही गेली असती. रयतेच्या या कैवाऱ्याने ज्यांच्याविरुद्ध मोहिमा काढल्या तेही शेतकरीच होते, याकडे लेखकाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

वडिलांच्या मागे आधी काकाने कारभार पाहिला. तो 1258 मध्ये अँटवर्पच्या एका शस्त्रस्पर्धेत दगावला आणि सूत्रे आत्या आलाइड हिच्याकडे आली. ही बाई नुकतीच विधवा झालेली होती, तिच्या पदरात मुले होती, आणि हॉलंडच्या सरदारांना तिचा अंमल रुचत नव्हता. 1263 मध्ये तिच्या पक्षाचा पराभव होऊन गेल्डर्सच्या काउंटने पालकत्व घेतले. तरी ती संपली नाही. स्खिडाम या गावाची जडणघडण तिच्या हातून झाली आणि त्या गावाला शहराचे हक्क (स्वतःचा कारभार पाहण्याची मुभा) मिळाले तेही 1275 मध्येच. आपल्या लेखात तिच्यासाठी एक ओळदेखील नाही.

आता सोयरिकीकडे पाहू. आलाइडचा नवरा ज्याँ दाव्हेन आणि त्याचे सावत्र भाऊ दांपिएर यांच्यात फ्लँडर्स व एनो या दोन प्रांतांच्या वारशावरून वर्षानुवर्षे वैर होते. फ्लोरिसचे लग्न झाले ते बिआट्रिसशी, म्हणजे त्याच सावत्र भावांपैकी गी दांपिएरच्या मुलीशी. तह पक्का व्हावा म्हणून मुलगी द्यायची, हा तिथलाही रिवाज होता, पण 1290 मध्ये याच सासऱ्याच्या बाजूने जावयाला बियरफ्लिट येथे कैद करून अटी मान्य करायला लावल्या. दुसरीकडे खापरपणजी एडा स्कॉटलंडच्या राजघराण्यातली, एवढ्या नात्यावर फ्लोरिसने 1291 मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर हक्क सांगितला, जो पुढच्या वर्षी निकालात निघाला. ज्या शहराची बेटे 1661 च्या लग्नकरारात पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली, त्या शहरातल्या वर्तमानपत्राने सोयरिकीला राजकारणाबाहेर ठेवावे, याचे नवल वाटते.

फ्लोरिसच्या शेवटाचे वर्णन लेखात ‘सरदारांचा कट’ एवढ्या दोन शब्दांत उरकले आहे. मुलगा यान लहानपणापासून इंग्लंडच्या दरबारात वाढत होता आणि एडवर्ड पहिल्याच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते. तरीही एडवर्डने इंग्लिश लोकरीची पेठ हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्तहून शेजारच्या ब्राबांटकडे हलवली आणि जानेवारी 1296 मध्ये फ्लोरिस फ्रान्सच्या राजाला जाऊन मिळाला. त्याच वर्षी 23 जूनला युट्रेक्टजवळ बहिरी ससाण्यांच्या शिकारीचे निमित्त करून हाइसब्रेख्त फान आम्स्टेल, हेर्मान फान वूर्डेन आणि गेरार्ड फान फेल्सन यांनी त्याला पकडले, आणि कोंडले कुठे, तर त्याच्याच मौडरस्लोट किल्ल्यात. 27 जूनला त्याला दुसरीकडे हलवताना शेतकऱ्यांचा जमाव सोडवायला आला, तेव्हा सुटका होण्याआधीच त्याला भोसकण्यात आले. (1296 म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली ते, आणि अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेही वर्ष, वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितले.) फेल्सनच्या बायकोच्या अब्रूचा सूड म्हणून ही हत्या झाली, ही लेखात खरी म्हणून दिलेली गोष्ट मागाहून रचलेली दंतकथा आहे. मुंबईहून निघणाऱ्या युरोप सहलींत ट्यूलिपच्या बागेला अर्धा दिवस मिळतो आणि ॲमस्टरडॅमपासून जवळ असलेला हा किल्ला बहुधा वगळला जातो, हे जाता जाता.

यानचे लग्न जानेवारी 1297 मध्ये इप्सविच येथे झाले, आणि 1299 मध्ये तो पंधराव्या वर्षी हगवणीने निपुत्रिक वारला. फ्लोरिसचा अनौरस मुलगा विट्टे पुढे 1304 मध्ये हार्लेमजवळ फ्लेमिश सैन्याशी लढला, पण गादीवर त्याचा हक्क नव्हता. हॉलंड गेले ते आलाइडच्या मुलाकडे, यान दाव्हेनकडे. तिचा दुसरा मुलगा गी पुढे युट्रेक्टचा बिशप झाला, आणि ज्या वस्तीची साडेसातशे वर्षे आपण साजरी करत आहोत, तिला 1300 ते 1306 च्या दरम्यान शहराचे हक्क दिले ते त्याने.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात घराण्याची छोटी वंशावळ छापावी, फेल्सनच्या बायकोच्या कथेबाबत खुलासा करावा आणि आलाइडला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई