‘डार्क’मधली खरी चूक

प्रिय मित्रा,

स. न. ‘डार्क’ या कालप्रवासावरच्या जर्मन मालिकेबद्दलचे तुझे तिन्ही आक्षेप नीट वाचले: मिकेल हा मुलगा भूतकाळात जाऊन नायक योनासचा बाप होतो हे, ॲडमचं वय, आणि मालिकेचा शेवट. पहिले दोन मला पटत नाहीत. तिसरा मात्र खरा आहे, आणि त्याला सुटकेची वाट आहे की नाही यावरच आपण बोलायला हवं.

मालिकेनं स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडला, तरच तिला चूक म्हणावं. पहिल्या दोन सीझनचा नियम कडक आहे: घडलेलं बदलत नाही, आणि बदलायला निघालेला माणूसच ते घडवून आणतो. म्हणून मिकेलबद्दलचा तुझा आक्षेप टिकत नाही. तो २०१९ मधून १९८६ मध्ये जातो, तिथेच वाढतो, मिखाएल होतो आणि योनासचा बाप ठरतो. योनासनं त्याला परत आणलं असतं तर घोटाळा झाला असता. पण तो आणतच नाही.

दुसरा आक्षेप ॲडमच्या, म्हणजे म्हाताऱ्या योनासच्याच, वयाचा. कागदावर दोन रकाने आख: एकात तारीख, दुसऱ्यात माणसानं प्रत्यक्ष जगलेली वर्षं. २७ जून २०२० च्या प्रलयातून वाचलेला योनास पुढची ३३ वर्षं तिथेच काढतो. मग प्रौढ होऊन २०१९ मध्ये परततो, पुन्हा त्याच प्रलयाच्या दिवसापर्यंत पोचतो आणि तिथून १८८८ गाठतो. ही उडी १३२ वर्षांची, म्हणजे ३३ च्या चौपट. नंतर १९२१ पर्यंत आणखी ३३ वर्षं. म्हणजे ॲडम तरुण योनासपेक्षा साधारण ६७ वर्षांनी मोठा. हिशेब चोख आहे. घोळ होतो तो तारखांची वजाबाकी करून वय काढल्यामुळे. ३३ हा आकडाही उगाच घेतलेला नाही: ३३ सौर आणि ३४ चांद्र वर्षांत जेमतेम पाचेक दिवसांचा फरक पडतो.

घड्याळजी टानहाउस बनवतो त्या कालयंत्रातही लेखकांनी काळजी घेतली आहे. तीच वस्तू कायम फिरत राहिली असती तर दर फेरीला ती झिजत गेली असती. इथे यंत्र एकदाच बनतं, जुनं होतं, मोडतं, आणि ते मोडकं यंत्र पाहून टानहाउस नवं पूर्ण करतो. फिरतं ते फक्त ज्ञान, आणि ज्ञान झिजत नाही.

आता शेवट. तिसऱ्या सीझनमध्ये नवा नियम येतो: प्रलयाच्या क्षणी काळ थांबतो आणि एकाच प्रसंगाच्या दोन्ही वाटा खऱ्या होतात. एका वाटेवर दुसऱ्या, समांतर जगातली मार्था योनासला घेऊन जाते आणि तो तिच्या जगात मरतो. दुसऱ्या वाटेवर तिच्याच जगातला बार्तोश तिला अडवतो आणि योनास जगून ॲडम होतो. नियम उशिरा आला, तरी इथपर्यंत तो पाळला जातो. ही दोन्ही जगं जन्मली ती टानहाउसमुळे: अपघातात गेलेल्या मुलाला परत आणायला त्यानं यंत्र चालवलं आणि मूळ जग दुभंगलं. पण शेवटी योनास आणि मार्था मूळ जगातल्या १९७१ मध्ये जाऊन टानहाउसच्या मुलाची गाडी थांबवतात, अपघात टळतो आणि दोन्ही जगं त्या दोघांसकट विरून जातात. मग ती दोघंच नसतील तर गाडी अडवली कुणी? दोन्ही वाटा खऱ्या असतील, तर अपघात झालेली वाटही उरली पाहिजे, आणि तिच्यासोबत ती दोन जगंही. योनासला दोन वाटा मिळतात, टानहाउसला एकच. नियम मोडतो तो इथे.

मला हे जास्त लागतं, कारण उरलेल्या मूळ जगातल्या शेवटच्या जेवणाच्या टेबलावरची माणसं अचूक निवडली आहेत. उलरिख नाही, शार्लोट नाही, कारण त्यांचं मूळच कालप्रवासाच्या फेऱ्यात होतं. काथारिना, हाना आणि रेगीना आहेत. रेगीनाचा बाप त्या फेऱ्यातला ट्रोन्टे नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणूनच ती तिथे बसू शकते. वंशावळीत इतकं काटेकोर राहून कार्यकारणभाव मात्र सोडून दिला.

अपघाताची वाटही शिल्लक राहते, असं सुचवणारं एखादं दृश्य तुला सापडलं तर भाग आणि मिनिट दोन्ही लिहून पाठव.

तुझाच,
मित्र