रात्री दोन वाजता तिथे कोण होतं?

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या अशोक चौकात राहते. आमच्या घरची भाषा तेलुगू. वडील यंत्रमागावर होते, अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. ती आता 81 वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला विस्मरणाचा आजार आहे आणि मराठी ती पार विसरली आहे. मागच्या महिन्यात माझं मणक्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तिला एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. "रात्री नर्स असते," असं मला तिथे तोंडावर सांगितलं होतं.

परवा रात्री दोनला अम्मा संडासात पडली. सापडली ती सकाळी, झाडूवाली बाई आली तेव्हा. खुबा मोडला आहे. नर्स नव्हतीच. अठरा म्हाताऱ्या माणसांमागे एक पोरगा होता, तोही खालच्या मजल्यावर झोपलेला. शेजारच्या खोलीतल्या आजी मला म्हणाल्या, "रात्रभर नीळ्ळू नीळ्ळू करत होती गं, आम्हाला काही कळलं नाही."

नीळ्ळू म्हणजे पाणी, मंत्रिमहोदय.

मी डोळे झाकून ठेवलं नव्हतं तिला. तीन ठिकाणं पाहिली, पण रविवारी सकाळी आणि आधी फोन करून. फरशी पुसलेली, देवघरात उदबत्ती, चहा बिस्किटं. आज मला कळतंय की रात्री आठनंतर न सांगता जायला हवं होतं. संडासात धरायला दांडा आहे का, उंबरा किती उंच आहे, औषधांची वही कोण भरतं, रात्री किती माणसं जागी असतात आणि त्यांना तेलुगू येतं का, हे विचारायला हवं होतं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टाकी किती लिटरची आहे तेही. तिथे राहणाऱ्यांशी व्यवस्थापकाला बाहेर ठेवून बोलायला हवं होतं. करार लेखी मागायला हवा होता. "विश्वास ठेवा ताई" म्हणाले, आणि मी 50,000 रुपये अनामत भरून आले.

पण हे सगळं मी एकटीनं तपासायचं? भजी तळून विकायची तरी अन्न खात्याकडे नोंदणी लागते. मला तिन्ही ठिकाणी धर्मादाय कार्यालयाचं नोंदणीपत्र दाखवलं. त्यावरून संस्था आहे एवढं कळतं, रात्री माणूस आहे का ते नाही. कुठल्याही सरकारी अधिकाऱ्यानं केलेल्या तपासणीचा कागद एकाही ठिकाणी नव्हता.

आई-वडिलांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 चा. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम लिहिला आहे. आमच्या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात तो कुठे आहे, पत्ता छापा. आणि त्या कलमात शब्द "करू शकेल" असा आहे, "करील" असा नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत आलं. ती लोकसभा संपली, विधेयकही तिच्याबरोबर संपलं. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. माझी आई रात्री दोनला पडली.

अम्माची पीएफची पेन्शन महिना 1000 रुपये. 2014 पासून किमान पेन्शन तेवढीच आहे. वृद्धाश्रमाची फी 14,000. तुमच्या सरकारांनी या शहरातल्या विडी कामगार बायकांच्या मोर्चांत किती भाषणं केली असतील! त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. मुलं पुण्याला गेली. त्यांना कोण बघणार, याचा विचार एकाही पक्षानं केलेला मला दिसला नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हाही नव्हता केला.

माझं मागणं एवढंच. प्रत्येक वृद्धाश्रमाच्या दारावर मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये पाटी लावा: रात्री किती कर्मचारी, त्यांची नावं, शेवटची तपासणी कधी, कोणी केली. ती तपासणी रात्री करा.

अम्माचं ऑपरेशन गुरुवारी आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर तिला दोन माणसं लागतील उचलायला, आणि मला वाकायला बंदी आहे. म्हणून उद्या रात्री नऊला मी चौथा वृद्धाश्रम बघायला जाणार आहे, न सांगता. तुमच्या खात्याचा एखादा माणूस सोबत पाठवलात तर मी अशोक चौकात थांबेन.

एक मुलगी,
सोलापूर